तंजावूरच्या रथामागे, ताकाच्या मांडवात

"अम्मा, मोर! मोर!"

आई दचकली. तिनं आधी वर झाडाकडे पाहिलं, मग समोरच्या घराच्या कौलांकडे. तंजावूरच्या भर रस्त्यात, सकाळी साडेसातला, हजारो माणसांच्या गर्दीत मोर कुठून येणार? तोवर एका शाळकरी मुलानं तिच्या हातात स्टीलचा पेला ठेवलाही होता. आत पातळ ताक होतं, वर कढीपत्ता आणि मोहरी तरंगत होती. तमिळमध्ये ताकाला 'मोर' म्हणतात, आणि पाणी घालून पातळ केलेल्याला 'नीर मोर'. आईनं ते एका दमात संपवलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

"केवढी तहान लागते गं इथे," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मे महिना, तंजावूर, उन्हाचा पारा सदतीस-अडतीसच्या घरात. तहान लागणारच. या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ते पुढे सांगते.

आईचा शिलालेख

आम्ही साताऱ्याचे. आई शाळेत इतिहास शिकवते आणि गेली पंधरा वर्षं मुलांना सांगते की मराठीतला एक प्रचंड मोठा शिलालेख महाराष्ट्रात नाही, तमिळनाडूत आहे. तिनं स्वतः मात्र तो पाहिलेला नव्हता. मी नोकरीला लागल्यापासून "यंदा नक्की" म्हणत होते. शेवटी यंदा शाळेला सुट्टी लागल्यावर तिकिटं काढलीच. पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. कावेरीच्या खोऱ्यातल्या, भातशेतीच्या जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीला याहून चांगलं नाव मिळालं नसतं. पहाटे खिडकीतून हिरवे-पिवळे तुकडे दिसायला लागले की उतरायची तयारी करायची. विमानानं यायचं असेल तर तिरुचिरापल्ली जवळ आहे, तिथून रस्त्यानं तासा-दीड तासात पोहोचता येतं.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, म्हणजेच एकोजी, यांनी १६७० च्या दशकात इथे भोसल्यांची गादी स्थापली. ती १८५५ पर्यंत टिकली. त्यातले सगळ्यांत नावाजलेले सरफोजी राजे दुसरे. त्यांचा काळ १७९८ ते १८३२. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हाच आईचा शिलालेख.

पोहोचलो त्या संध्याकाळीच आम्ही मंदिरात गेलो. दोनशे फुटांहून उंच शिखर, अवाढव्य नंदी, दगड दिवसभर तापलेला. तळव्यांना चटके बसू नयेत म्हणून अंथरलेल्या काथ्याच्या पट्टीवरून सगळे रांगेनं चालत होते. भिंतीपाशी पोहोचल्यावर आईनं पर्स माझ्याकडे दिली, चष्मा पुसला आणि वाचायला लागली. अक्षरं देवनागरी आहेत, पण शब्दांत जागा सोडलेली नाही, भाषा जुनी आहे आणि कित्येक ठिकाणी दगड झिजलाय. दोन ओळी वाचून ती थांबली. पुन्हा चष्मा पुसला.

"मला नीट दिसत नाहीये," ती म्हणाली. "दोनच महिन्यांपूर्वी नवा नंबर करून घेतला. त्या चष्मेवाल्यानं काहीतरी घोळ घातलाय."

मग मी वाचत राहिले आणि ती ऐकत राहिली. पंधरा वर्षं ज्या भिंतीसाठी थांबली, ती भिंत तिनं माझ्या डोळ्यांनी वाचली. मी मनात चष्मेवाल्याला चार शब्द ऐकवले.

रथाचा दिवस

आमची तारीख ठरवताना मला ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी तंजावूरची चित्तिरै रथयात्रा होती. चित्तिरै हा तमिळ पंचांगातला पहिला महिना, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा. रथाला इथे 'तेर' म्हणतात. ही यात्रा शंभरेक वर्षं बंद पडली होती. नवा लाकडी रथ बांधून २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. राजवाड्याभोवतीच्या जुन्या गावात चार रुंद रस्ते आहेत, मेल, वडक्कु, कीळ आणि तेर्कु राजवीधी, म्हणजे पश्चिम, उत्तर, पूर्व आणि दक्षिण राजरस्ता. उत्सवमूर्ती रथात बसतात आणि माणसं जाड दोर ओढत तो या चार रस्त्यांवरून फिरवतात. वाटेत देवळादेवळापाशी थांबत, नारळ फुटत, आरत्या होत रथ पुढे सरकतो. वळणावर चाकांखाली लाकडी पाचरी टाकून त्याला वळवतात. ते पाहताना अक्षरशः श्वास रोखला जातो.

त्या सकाळी त्या रस्त्यांवर वीज नव्हती. घरांतले पंखे बंद, दुकानं अर्धी उघडी. मला आधी ते गैरसोयीचं वाटलं. मग शेजारच्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं की २०२२ च्या एप्रिलमध्ये तंजावूरजवळच्या कळिमेडू गावात उत्सवाचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागला आणि ११ माणसं गेली. त्यानंतर त्या पंख्यांबद्दल कुरकुर करण्याचं मला सुचलं नाही. दोराजवळ शिट्ट्या घेऊन उभी असलेली पोरं लोकांना मागे सारत होती, तीही वेगळी दिसायला लागली.

आणि मांडव! दर पन्नास पावलांवर एक. नारळाच्या झापांचं छप्पर, खाली टेबल, त्यावर मोठी पातेली. याला इथे 'तण्णीर पंदल' म्हणतात. तण्णीर म्हणजे पाणी, पंदल म्हणजे मांडव. आपल्याकडची पाणपोईच, पण उत्साह लग्नाच्या पंगतीचा. कुठे साधं पाणी, कुठे ताक, कुठे कलिंगडाच्या फोडी, कुठे पानकम्. पानकम् म्हणजे गूळ, सुंठ, वेलदोडा आणि लिंबू घातलेलं सरबत. आपल्या रामनवमीच्या सुंठवड्याचा हा पातळ भाऊ म्हणा. कुठला मांडव व्यापाऱ्यांचा, कुठला एखाद्या पक्षाचा, कुठला चक्क सिनेनटाच्या चाहत्यांचा. मालकाचं चित्र मात्र छपरावर ठळक. पाणी पाजायचं पण नावही झळकवायचं, यात तमिळनाडू आणि महाराष्ट्र सख्खे भाऊ आहेत.

आम्हाला 'मोर' देणारा मांडव गावातल्या एका सेवा क्लबचा होता. लायन्स, रोटरी या धर्तीचा क्लब. तुमच्याही गावाच्या वेशीवर असे फलक असतील. खरं सांगू? मला या मंडळींबद्दल थोडा आकस होता. कोट, बिल्ले, पदग्रहण समारंभ, चार वह्या वाटताना दहा जणांचा फोटो. आमच्या कॉलेजात एकदा अशाच एका संस्थेनं झाडं लावली होती. फोटो झाल्यावर पाणी कुणी घालायचं, हे ठरायचंच राहून गेलं.

इथे मात्र मला एक गंमत दिसली. ताकाची रांग सरळ नव्हती. ती मुद्दाम वळवून मांडवाच्या आतून काढली होती. पेला घेतला की समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, "उक्कारुंगो", म्हणजे बसा, असा आग्रह. बसलात की शेजारी टेबल, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायचं छोटं यंत्र, भिंतीला दृष्टी तपासायचा तक्ता. सावलीत बसलेला, हातात थंड ताक असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. तुम्ही पीत असता आणि एक मुलगी हसत विचारते, बीपी बघू का?

मांडवात सत्तरीचे एक गृहस्थ पेले विसळत होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "साताऱ्याचे काय तुम्ही?"

मराठी! पण चाल तमिळ. शब्द कुठे आपल्या आजीच्या आजीचे वाटावेत असे, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट वर उचललेला. आई खुर्चीतून उठूनच उभी राहिली. त्यांचं घराणं किती पिढ्या इथे आहे, हे त्यांनाही नेमकं मोजता आलं नाही. रेल्वेत नोकरी केली, आता निवृत्त. घरात मराठी बोलतात, लिहितात तमिळ. देवनागरी त्यांना सावकाश वाचता येते, नातवंडांना तेवढीही नाही. इथले लोक त्यांना 'रायर' म्हणतात. त्यांची वाक्यं मी पुढे माझ्या मराठीतच देते, कारण त्यांची लय कागदावर मला उतरवता येणार नाही. आम्ही त्यांना आजोबा म्हणू लागलो.

"क्लब आधी शिबिर हॉलमध्ये घ्यायचा," आजोबा सांगत होते. "पत्रकं वाटायची, रिक्षातून ओरडायचं. कोण यायचं? जे आधीच डॉक्टरकडे जातात ते. ज्यानं यायला पाहिजे तो त्या दिवशी कामावर. मग आम्ही म्हटलं, लोक आपल्याकडे येत नाहीत, पण तेराकडे येतात. मग टेबलच तेराकडे न्या."

जानेवारीत तिरुवैयारूला त्यागराज आराधना असते, तिथेही ही मंडळी टेबल मांडतात. तिरुवैयारू तंजावूरहून तेरा-चौदा किलोमीटरवर, कावेरीकाठी. संत त्यागराजांची समाधी तिथे आहे. देशभरातून गवई येतात आणि सगळे मिळून पंचरत्न कृती गातात. "गाणं ऐकायला येणारे लोक साठीच्या वरचे," आजोबा डोळे मिचकावत म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक तेच."

दोनशे शहाऐंशी

आई तपासणीला नाही म्हणाली. "मला काही झालेलं नाही, उगाच त्यांची पट्टी वाया." पण आजोबांनी मराठीत आग्रह केला. परमुलुखात मराठीत केलेला आग्रह मोडवत नाही, ती बसली.

आधी डोळे. तक्त्यावर तमिळ अक्षरं! आई हसायला लागली. मग त्या मुलीनं दुसरा तक्ता लावला. त्यावर इंग्रजी 'ई' वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेला असतो. कुठे तोंड आहे ते बोटांनी दाखवायचं, भाषा लागत नाही. आईनं वरच्या ओळी पटापट दाखवल्या आणि खालच्या तीन ओळींवर अडकली. नवा चष्मा असूनही.

मग बोटाला सुई. यंत्रानं पाच सेकंदांत आकडा दाखवला. २८६.

मुलगी गप्प झाली. तिनं मागे बसलेल्या डॉक्टरबाईंना खुणावलं. त्या उठून आल्या, आईच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि आजोबांना दुभाष्या केलं.

"मी आत्ताच ते गुळाचं सरबत प्यायले," आई ताबडतोब म्हणाली. "दोन पेले. त्यानंच वाढली असणार."

तेवढं खरं होतं. मागच्या मांडवात तिनं पानकम् प्यायलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, मीही प्यायलेय. मग त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं आणि त्या मुलीकडून टोचून घेतलं. ११८. नंतर त्यांनी एकेक प्रश्न विचारला. तहान फार लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठता? वजन उतरलंय? चष्म्याचा नंबर मध्येच बदलला का? घरी कुणाला मधुमेह?

आई उत्तरं देत होती आणि मी ऐकत होते. रात्री तीनदा. हो, ब्लाउज सैल झालेत. हो, नवा चष्मा. तिच्या वडिलांना होता.

आता ते वाईट वाटण्याचं कारण. मी कंटेंट रायटर आहे. पोटासाठी रोज दोन-तीन लेख लिहिते, त्यात आरोग्यही येतं. 'मधुमेहाची सात लक्षणे, दुर्लक्ष करू नका' हा लेख मी कमीत कमी चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत लिहिलाय. तहान, लघवी, थकवा, वजन, धूसर दिसणं, सगळं मला पाठ आहे. गाडीत आईनं पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या तेव्हा मी म्हटलं, ऊन आहे. रात्री हॉटेलात ती दर दोन तासांनी उठत होती तेव्हा मी म्हटलं, जागा नवी आहे. शिलालेख दिसेना तेव्हा मी चष्मेवाल्याला बोल लावला. सातपैकी पाच लक्षणं माझ्या शेजारच्या बर्थवर झोपली होती.

डॉक्टरबाईंनी घाबरवलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं : बोटाच्या रक्ताचा आकडा म्हणजे निदान नव्हे. उद्या सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेत शिरेतून रक्त द्या आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही करा. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग थोडं फुगतं, त्यानं नंबर हलतो. म्हणून साखर आटोक्यात येईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. (चष्मेवाले काका, माफ करा.) आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा जरूर तपासून घ्या. दुखत नाही म्हणून काही नाही असं समजू नका.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. रथ आला होता. तपासणीचं टेबल रिकामं झालं, सगळे रस्त्याच्या कडेला. झेंडूच्या माळा, रंगीत कापडाची झालर, वर डोलणारा कळस आणि दोराला लागलेली शेकडो माणसं. आईनं हात जोडले. तिच्या बोटाला अजून कापसाचा बोळा होता.

राजाची डोळ्यांची वही

संध्याकाळी आजोबांनी घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीनं डांगर पचडी केली होती. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. तंजावूरच्या मराठी घरांतला हा नेहमीचा पदार्थ. वांग्याची आंबट-तिखट रसवांगीही होती. सांबार हे तंजावूरच्या मराठी मुदपाकखान्यातच जन्मलं, ही दंतकथा आजींनी मोठ्या अभिमानानं सांगितली. पुरावा विचारल्यावर त्यांनी आणखी एक पळी वाढली. आईसाठी भात कमी आणि पचडी जास्त, असं त्यांनी न बोलता केलं.

जेवल्यावर आजोबांनी फोनवर काही चित्रं दाखवली. कागदावर रंगवलेले डोळे. एकेक डोळा, बुबुळावरचा ढग, लाली, सूज, सगळं बारकाईनं. सरफोजी राजांना वैद्यकाचं वेड होतं. राजवाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल नावाचं औषधालय-संशोधनघर चालवलं. आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. कोणता रुग्ण, काय तक्रार, काय उपचार. दोनशे वर्षांपूर्वीचे हे केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून त्यावर लिहिलंही आहे.

"आमचा क्लब डोळ्यांचं शिबिर घेतो तेव्हा भाषणात लोक अमेरिकेचं सांगतात," आजोबा म्हणाले. ते ज्याबद्दल बोलत होते तो किस्सा मला माहीत होता. लायन्स ही संघटना १९१७ मध्ये शिकागोत सुरू झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांसाठी लढणारे शिलेदार व्हा, असं आवाहन केलं, आणि तेव्हापासून जगभरच्या लायन्स क्लबांनी डोळ्यांचं काम आपलं मानलं. "ते खरंच मोठं काम. पण मी सांगतो, जरा राजवाड्यातही जाऊन या."

आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं उपाशीपोटी रक्त दिलं, समोरच्या टपरीवर इडली खाल्ली आणि आम्ही थेट राजवाड्यात. सरस्वती महाल ग्रंथालय मूळचं नायक राजांच्या काळचं, सरफोजींनी ते अफाट वाढवलं, १९१८ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. ताडपत्रं, संस्कृत पोथ्या, मराठी हस्तलिखितं, मोडीतले दप्तरांचे गठ्ठे. सगळं बघायला मिळत नाही, लोकांसाठीचं दालन लहान आहे. पण तेवढ्यातही दीड तास जातो. १८०५ च्या सुमारास सरफोजींनी छापखाना काढला आणि इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं, हे आईनं मला तिथे उभ्या उभ्या शिकवलं. महाराष्ट्रात मराठी छपाई रुळण्याच्या आधीची ही गोष्ट. दरबार हॉलमध्ये सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याचा. राजा हात जोडून का उभा आहे, यावर आई बराच वेळ विचार करत राहिली.

दुपारी अहवाल आला. उपाशीपोटी १८४, एचबीए१सी ९.१. मी तो डॉक्टरबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी संध्याकाळी फोन केला. मधुमेहच आहे, औषध सुरू करावं लागेल, पण ते तुमच्या गावच्या डॉक्टरकडे, म्हणजे पुढे कुणीतरी कायम बघत राहील. तोवर काय खायचं, पाणी किती, कोणती लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यांनी इंग्रजीत नीट लिहून पाठवलं. फी विचारली तर त्या म्हणाल्या, ताकाची घेत नाही, याची कशी घेऊ?

मध्यरात्रीची घंटा

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, हॉटेलातच थांबू, तू आराम कर. आई म्हणाली, मी आजारी नाही, मला फक्त माहीत नव्हतं. आणि आम्ही पट्टुकोट्टैच्या बसनं ओरत्तनाडूला गेलो, तंजावूरहून वीसेक किलोमीटर. आजोबा सोबत.

रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांनी यात्रेकरूंसाठी अन्नछत्रं बांधली होती. इथे त्यांना 'छत्रम' म्हणतात. सरफोजींनी मुक्तांबा नावाच्या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ ओरत्तनाडूला १८०० नंतर लगेचच मुक्तांबाळ छत्रम बांधलं. बाहेरून इमारत रथासारखी दिसते, दगडी चाकं, घोडे. आत चौक, कोरीव लाकडी खांब, जुन्या पद्धतीचे उंच सोपे. बरीच वर्षं इथे मुलांची शाळा आणि वसतिगृह होतं. काळाच्या खुणा भिंतींवर स्पष्ट आहेत.

१७९९ च्या तहानं तंजावूरचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि मान उरला. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज रेसिडेंट टोरिन याला एक सविस्तर पत्र लिहिलं, या छत्रांना हात लावू नका, असं विनवणारं. त्यात छत्र कसं चालतं याचं वर्णन आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, जात-पंथ न पाहता, जेवण. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा. आजारी पडला तर वैद्य, औषध, बरा होईपर्यंत मुक्काम. बाळंतिणीची सोय. तान्ह्या मुलांना दूध. मुलांना शिकवायला शिक्षक. वाटेतच कुणी गेला तर त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी. आणि रात्री, मध्यरात्री एक घंटा वाजायची. अजून कुणी उपाशी असेल तर यावं, अशी हाक दिली जायची.

आजोबांनी हे सगळं एका पायरीवर बसून सांगितलं. ज्याचं राज्य गेलंय असा चोविसेक वर्षांचा राजा पत्र लिहितो आणि त्यात स्वतःच्या तनख्याहून जास्त या जेवणावळींबद्दल लिहितो. मी त्याच वयाची. मी काय लिहिते, हा विचार मनात आला आणि मी तो झटकला.

आई चौकात हिंडत होती. मग परत येऊन आजोबांना म्हणाली, "तुमच्या त्या ताकाच्या रांगेला वळण कुणी दिलं हो? मांडवाच्या आतून?"

"माझ्या बायकोनं," आजोबा म्हणाले. "ती म्हणाली, बसल्याशिवाय माणूस बोलत नाही."

आईनं ते वहीत लिहून घेतलं. शिक्षकांना वही लागतेच. खाली तिनं नीर मोराची कृतीही लिहिली होती, आजींनी सांगितलेली : एक वाटी दह्याला चार वाट्या पाणी, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता ठेचून, मीठ, हिंग, मोहरीची फोडणी. साखर नाही.

परतीच्या गाडीत तिनं माझा फोन मागितला. "तू लिहिलेला तो लेख दाखव. मधुमेहाचा."

मी शोधून दिला. फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून तिनं तो पूर्ण वाचला. लाल पेन असतं तर तिनं नक्की खुणा केल्या असत्या.

"तहान चौथ्या नंबरवर का टाकलीस?"

"असंच. क्रमाला तसा अर्थ नसतो."

"पहिल्या नंबरवर घे. आणि हे कसलं वाक्य, 'वारंवार तहान लागणे हे एक महत्त्वाचे लक्षण ठरू शकते'? लोकांना विचार, काल किती बाटल्या प्यायलात."

मी फोन परत घेतला. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं.

"ही दुसरी," ती म्हणाली.